सुचत नाही म्हणे!

महिन्याभरापूर्वीची गोष्ट. रात्री साडेदहाला ताईचा फोन. आमच्या घरात एवढ्या उशिरा फोन वाजला की आधी पोटात गोळा येतो आणि मग फोन उचलला जातो. पण ताईचा आवाज नेहमीचाच होता, म्हणजे किंचित वैतागलेला.

"हिचा पर्यावरणाचा प्रकल्प आठ दिवसांत द्यायचाय. महिनाभर वही उघडून बसतेय आणि अजून कोरीच आहे. विचारलं तर म्हणते, सुचत नाही. तू जरा लिहून पाठव की. तुला काय, दोन तासांचं काम!"

हिचा म्हणजे माझ्या भाचीचा. सांगलीला राहतात, गावभागात. पोरगी बारावीला. अभ्यासात बरी, बोलण्यात तर आमच्या सगळ्या खानदानाला पुरून उरेल अशी. आणि ही म्हणे महिनाभर गप्प वहीसमोर बसून आहे.

मी "बघतो" म्हणालो आणि फोन ठेवला. आणि मग मला राग यायला लागला. भाचीचा नाही, ताईचाही नाही. आधी स्वतःचा, आणि मग आपल्या सगळ्यांचाच. तो राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहितोय.

स्वतःचा का, ते आधी सांगतो. कारण हे "दोन तासांचं काम" मी पूर्वी एकदा केलेलं आहे. याच ताईच्या थोरल्या मुलासाठी. तोही तेव्हा असाच अडला होता. विषय होता प्लास्टिकचं प्रदूषण. मी रविवारी सकाळी चहा घेऊन बसलो आणि जेवणाच्या आत पंधरा पानं लिहून मोकळा झालो. त्याने ती सुवाच्य अक्षरात उतरवली, लाल स्केचपेनने अधोरेखनं केली, वर्तमानपत्रातली चित्रं चिकटवली. बाईंनी वर्गात दाखवला म्हणे तो प्रकल्प. मला केवढा आनंद झाला होता! चार लोकांना सांगितलंही असेल.

पुढे तो इंजिनियर व्हायला गेला. शेवटच्या वर्षाला मित्रांबरोबर त्याने एक यंत्र बनवलं, शेतमाल निवडायचं. स्वतःच्या हाताने, रात्र रात्र जागून. मी पाहिलंय ते चालताना. पण त्या यंत्राचा अहवाल लिहायची वेळ आली आणि गडी परत अडला. या वेळी मामाला ते विषय झेपणारे नव्हते. मग कोणाला तरी पैसे देऊन त्यांनी अहवाल लिहून घेतला. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्यातलं एक वाक्य वाचून दाखवलं आणि विचारलं, "याचा अर्थ काय?" पोरगा गप्प. यंत्र त्याचं, घाम त्याचा, पण वाक्य दुसऱ्याचं. तो मला म्हणाला, "मामा, मला सगळं माहीत होतं रे. फक्त ते वाक्य माहीत नव्हतं."

त्या दिवसापासून मला त्या पंधरा पानांची लाज वाटते. मी त्याला मदत केली नव्हती. तू अडलास की दुसरा कोणीतरी लिहील, हे मी त्याला शिकवलं होतं.

असो. तर शनिवारी सकाळची एस.टी. धरली आणि सांगली गाठली.

वही बघितली. ताई म्हणाली ते खोटं होतं, वही काही कोरी नव्हती! मुखपृष्ठ तयार. नाव, इयत्ता, हजेरी क्रमांक, भोवती वेलबुट्टी. प्रमाणपत्राचं पान तयार. ऋणनिर्देश तयार, त्यात मुख्याध्यापकांपासून आईवडिलांपर्यंत सगळ्यांचे आभार. (काम व्हायच्या आधीच आभार मानून मोकळं होण्याची ही पद्धत कोणी काढली कोण जाणे.) अनुक्रमणिकाही तयार: प्रस्तावना, विषयाचे महत्त्व, उद्दिष्टे, कार्यपद्धती, निरीक्षणे, विश्लेषण, निष्कर्ष, संदर्भ. आणि मग 'प्रस्तावना' असं ठळक अक्षरात लिहून त्याखाली कोरं पान. मागे कच्च्या वहीत त्याच प्रस्तावनेच्या सहा सुरुवाती, सहाही खोडलेल्या. "पाणी हे जीवन आहे." काट. "निसर्ग हा मानवाचा मित्र आहे." काट. "आजच्या विज्ञानयुगात..." काट.

विषय विचारला. म्हणाली, "पूर: कारणे आणि उपाय."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. म्हणजे बघा, ही पोरगी राहते कुठे, तर सांगलीच्या गावभागात. जिथे कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ किती फुटांवर गेलं, हे पावसाळ्यात लोक एकमेकांना तब्येत विचारावी तसं विचारतात. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका, हे शेंबड्या पोरालाही पाठ. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं तेव्हा ही पाचवी-सहावीतली पोर होती आणि घर सोडून बोटीतून बाहेर पडली होती. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा ५४ च्या वर गेलं, तेव्हा पुन्हा सामान माळ्यावर. त्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर आजीने, म्हणजे ताईच्या सासूबाईंनी, वीटकरीच्या तुकड्याने पुराच्या रेघा ओढून ठेवल्यात. त्या भिंतीला पाठ लावून ही मुलगी महिनाभर बसली होती आणि तिला पुराविषयी काही सुचत नव्हतं!

आता मला सांगा, हा दोष पोरीचा?

आपल्याकडे मूल "सुचत नाही" म्हणालं की दोनच निदानं होतात. एक, आळस. दुसरं, मोबाइल. तिसरं काही असू शकतं असं आपल्या डोक्यातच येत नाही. मोठ्या लेखकाचं लिहिणं थांबलं तर आपण हळहळतो, त्याला केवढं इंग्रजी नाव देतो, रायटर्स ब्लॉक! एडमंड बर्गलर नावाच्या मनोविश्लेषकाने १९४०च्या दशकात हे नाव रूढ केलं, आणि तेव्हापासून लेखकांच्या या दुखण्याला प्रतिष्ठा आहे. पण तेच दुखणं बारावीच्या मुलीला झालं की तिला "बस गपचूप आणि लिही" म्हणायचं. हा कुठला न्याय?

१९८० साली अमेरिकेत माइक रोझ नावाच्या अभ्यासकाने यावर एक निबंध लिहिला. त्याने लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले दहा विद्यार्थी घेतले. पाच लिहिताना अडणारे, पाच न अडणारे. त्याला दिसलं ते असं की अडणाऱ्यांच्या अडण्याचं मूळ त्यांनी डोक्यात पक्क्या करून ठेवलेल्या नियमांत आणि आराखड्यांत होतं. कोणाचा नियम, प्रत्येक वाक्य पहिल्या फटक्यात शुद्धच उतरलं पाहिजे. कोणाचा, सुरुवातीलाच वाचणाऱ्याला धरून ठेवलं पाहिजे. ते जमेपर्यंत गाडी पहिल्या परिच्छेदाच्या पुढे सरकायचीच नाही. न अडणाऱ्यांकडेही नियम होते, नव्हते असं नाही. पण ते "जमलं तर पाळू, नाही तर सोडून देऊ" अशा जातीचे होते.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या सगळ्या शाळा आठवल्या. कारण आपल्याकडे मुलाला लिहायला शिकवतात म्हणजे नेमकं काय शिकवतात? नियमच! सुरुवात सुविचाराने करा. शेवट उपदेशाने करा. मध्ये तीन परिच्छेद. 'मी' शक्यतो नको. घरातल्या गोष्टी नकोत. बोलीभाषा तर नकोच नको. खाडाखोड नको, अक्षर मोत्यासारखं हवं. आणि सगळ्यात मुख्य, पहिल्यांदा प्रस्तावना.

मी चौथीत असताना 'माझी आई' हा निबंध लिहिला होता. त्यात लिहिलं होतं की आई चिडली की काही बोलत नाही, मागच्या दाराशी जाऊन उभी राहते, आणि मग आम्ही भावंडं आपोआप अभ्यासाला बसतो. मला ते फार छान जमलंय असं वाटलं होतं. निबंध परत आला तेव्हा त्या वाक्यावर लाल काट होती आणि समासात लिहिलं होतं, "आई प्रेमळ असते." पुढच्या निबंधापासून माझी आई सकाळी लवकर उठायला लागली, सडा-रांगोळी करायला लागली आणि सगळ्यांची काळजी घ्यायला लागली. मार्क वाढले. आमच्या वर्गातल्या पन्नास जणांच्या पन्नास आया त्या वर्षी एकाच वेळी उठायच्या!

त्या गुरुजींवर माझा आज राग नाही. त्यांनाही तसंच शिकवलं गेलं असणार. पण त्या एका लाल काटेतून नऊ वर्षांच्या मुलाला जे कळलं, ते असं: तुला जे दिसतं ते लिहायचं नसतं, जे लिहायचं असतं ते दुसरीकडे कुठेतरी आधीच ठरलेलं असतं. एकदा हे मनात बसलं की मग 'सुचणं' म्हणजे काय उरतं? ते आधीच ठरलेलं वाक्य आठवणं. आणि ते आठवलं नाही की, सुचत नाही!

गंमत म्हणजे 'प्रकल्प' ही कल्पना नेमकी याच्या विरुद्ध निघाली होती. विल्यम किलपॅट्रिक या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९१८ साली प्रकल्प पद्धतीवर निबंध लिहिला, तेव्हा त्याचा सगळा जोर होता मुलाने मनापासून, स्वतःचा हेतू ठरवून काम करण्यावर. आणि किलपॅट्रिक तरी कशाला हवा? १९३७ साली गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली ती आपल्या वर्ध्यालाच. हाताने काम करत करत शिकायचं, ही नई तालीमची कल्पना तिथून देशभर गेली. पुढे १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायचा निर्देश दिला. २०१० पासून महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि आकारिक मूल्यमापनाच्या साधनांत 'प्रकल्प' हा शब्द पहिलीपासून जाऊन बसला. यातल्या कोणाचाही हेतू वाईट नव्हता. उलट सगळ्यांना हेच हवं होतं की मुलाने पुस्तकातून डोकं वर काढावं आणि आजूबाजूला बघावं.

आणि आपण त्याचं केलं काय? आपण बघण्याचाच साचा करून टाकला. स्टेशनरीच्या दुकानात तयार चित्रांचे तक्ते मिळतात. 'पूर: कारणे आणि उपाय' शोधलं की तयार प्रकल्प हजर, नाव बदला आणि उतरवा. भाचीने असाच एक तयार प्रकल्प मला फोनवर दाखवला. पुराची कारणं: जंगलतोड, तापमानवाढ, प्लास्टिक. चूक काहीच नाही. पण त्यात कोयनेचं नाव नाही. हरिपूरला वारणा येऊन कृष्णेला मिळते, त्याचा पत्ता नाही. आलमट्टीवरून दर पावसाळ्यात आमच्याकडे केवढी भांडणं होतात, त्याचं नख नाही. तो पूर कुठल्याच नदीला आलेला नव्हता. तो नुसताच 'पूर' होता.

मी विचारलं, "मग हेच उतरवून का नाही दिलंस? बाकीचे देतायत ना?"

ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मामा, ते वाचलं की वाटतं, ह्यांच्या घरात पाणी आलेलंच नाही. मग ते लिहायला हातच होत नाही. आणि आपलं लिहावं तर ते प्रकल्पासारखं वाटत नाही."

बघा म्हणजे! ज्याला आपण सगळे आळस म्हणत होतो तो खरं तर पोरीचा प्रामाणिकपणा होता. खोटं लिहायला हात होत नव्हता आणि खरं लिहायची परवानगी नव्हती. या दोन दगडांमध्ये तिचा महिना गेला. माझं तर आता असं मत झालंय की जी मुलं अडतात ती वर्गातली सगळ्यात वाईट लिहिणारी नसतात, कधीकधी तीच बरी असतात. न अडता पंधरा पानं भरणाऱ्यांची खरी काळजी करायला हवी. (मी त्यातलाच एक होतो, म्हणून अधिकाराने सांगतोय.)

मग आम्ही काय केलं? फार काही नाही. पहिलं म्हणजे प्रस्तावनेचं पान स्टेपलर मारून बंद करून टाकलं. शेवटी लिहायचं म्हटलं. ज्या घराचा अजून पायाही भरला नाही त्याच्या दाराला तोरण कशाला? दुसरं, तिला म्हटलं, लिहू नकोस, नुसतं सांग. २०१९ ला काय झालं? आणि ती जी सुरू झाली, की पाऊण तास थांबली नाही. रात्री पाणी जोत्याला लागलं तेव्हाचा वास, फ्रीज आडवा होऊन तरंगत होता ते, शेजारच्या काकूंनी मांजराला पिशवीत घालून आणलं ते. सांगून झाल्यावर मी घड्याळ लावलं आणि म्हटलं, आता दहा मिनिटं हेच लिही. पेन उचलायचं नाही, मागे वळून वाचायचं नाही, शुद्धलेखन गेलं खड्ड्यात. ही युक्ती माझी नव्हे. पीटर एल्बो नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने १९७३ सालच्या त्याच्या पुस्तकात अशा न थांबता लिहिण्याचा हिरिरीने पुरस्कार केलाय. दहा मिनिटांत तिची अडीच पानं झाली. महिनाभरात जे झालं नव्हतं ते!

तिसरं, मेजपट्टी आणली. भिंतीवरच्या रेघा मोजल्या. २००५ ची रेघ नाहीच, कारण तेव्हा पाणी उंबऱ्याशी येऊन थांबलं होतं. २०१९ ची रेघ ओट्याच्या वर, जवळजवळ साडेतीन फुटांवर. २०२१ ची घोट्याच्या जरा वर. ती म्हणाली, "म्हणजे २००५ आणि २०१९ मध्ये साडेतीन फुटांचा फरक. पुलाजवळच्या आकड्यांतही असाच फरक आहे का बघू." तेव्हा तो ५३ फुटांच्या पुढे गेला होता, नंतर ५७ च्या पुढे. फरक साधारण जुळला. पोरगी अशी उडाली म्हणता! आजीची वीटकर आणि सरकारी मोजपट्टी एकच गोष्ट सांगत होत्या.

आणि मग तिला जो प्रश्न पडला तो मला सात जन्मांत पडला नसता. तिने आजीला विचारलं, "२०१९ ला आपण इतक्या उशिरा का निघालो?" आजी म्हणाल्या, "अगं, २००५ ला उंबऱ्याशी थांबलं होतं ना. म्हटलं आता येऊन येऊन किती येणार?" दुसऱ्या दिवशी भाची गल्लीतल्या बारा-चौदा घरांत हाच प्रश्न घेऊन गेली. बहुतेक घरांतून तेच उत्तर. आधीच्या पुराच्या खुणेवर भरवसा ठेवून लोक बसून राहिले. रात्री वहीत तिने लिहिलं, की पुराची खूण आपल्याला सावध करते तशी फसवतेही, म्हणून भिंतीवर जुन्या रेघेच्या वर मोकळी जागा आहे हेही मुलांना दाखवलं पाहिजे.

हे वाक्य कुठल्याही तयार प्रकल्पात नाही. मी लिहून दिलेल्या पंधरा पानांत तर नक्कीच नसतं आलं.

आता मला माहीत आहे काय काय आक्षेप येणार. एकेक घेऊ.

पहिला: "शिक्षकांकडे एकेका वर्गात सत्तर-ऐंशी मुलं असतात, ते काय प्रत्येकाची भिंत मोजायला जाणार?" मान्य. शिक्षकांच्या मागे निवडणुकांपासून जनगणनेपर्यंत काय काय लावलंय, हे मी घरातच बघतो. बायको शिक्षिका आहे. पण ऐंशी एकसारखे प्रकल्प तपासण्यापेक्षा ऐंशी वेगळे प्रकल्प तपासणं जास्त कंटाळवाणं असतं, हे मला कोणीतरी पटवून द्या. पानं कमी करा. चाळीस पानं कशाला? पाच पानं मागा, पण त्यात एक तरी गोष्ट अशी मागा जी त्या मुलाने स्वतः पाहिली, मोजली किंवा कोणाला तरी विचारली. बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, "तू ये एक दिवस वर्गावर." तेही बरोबर आहे. पण नाही म्हणाली नाही ती.

दुसरा: "सगळ्यांच्या घरात काही पूर येत नाही." नसेना. नळाला पाणी किती वाजता येतं? ते भरायला कोण उठतं? कचऱ्याची गाडी आली नाही तर कचरा कुठे जातो? आजोबांच्या शेतातली विहीर कोणत्या महिन्यात आटते आणि पूर्वी कधी आटायची? महाराष्ट्रातलं एक घर मला दाखवा, ज्यात पाण्याची गोष्ट नाही.

तिसरा, सगळ्यात जोरात येणारा: "मार्कांचं काय?" याला माझ्याकडे गोड उत्तर नाही. कदाचित कमी पडतील. साच्यात बसलेल्याला जास्त मार्क मिळतात हे मी चौथीतच शिकलोय. पण उतरवलेल्या वहीला मिळालेले मार्क निकालाच्या कागदावर राहतात, आणि अडल्यावर स्वतः वाट काढल्याची आठवण माणसाबरोबर जाते. थोरल्या भाच्याला मी मार्क मिळवून दिले होते. परीक्षकासमोर ते कामाला आले नाहीत.

आणि चौथा आक्षेप हल्लीचा. "आता तर यंत्रच लिहून देतं. फोनला सांगितलं की अर्ध्या मिनिटात प्रस्तावनेपासून निष्कर्षापर्यंत हजर. मग मुलांनी डोकं फोडायचंच कशाला?" मला उलट हे बरंच झालं असं वाटतं. "पाणी हे जीवन आहे" हे वाक्य यंत्र आपल्यापेक्षा झकास लिहितं, आणि अर्ध्या मिनिटात लिहितं. म्हणजे ते वाक्य मुलांकडून लिहून घेण्यात इतकी वर्षं काही अर्थ नव्हता, हे एकदाचं सिद्ध झालं! जे काम यंत्राला जमतं ते त्याला करू दे. पण आजी उशिरा का निघाल्या, हे त्याला ठाऊक नाही. ते विचारायला कोणीतरी स्वयंपाकघरात जावं लागतं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. बाईंनो, सरांनो, 'निरीक्षणे' हे पान पहिलं ठेवा आणि 'प्रस्तावना' शेवटी न्या. कच्ची वही मागा, खाडाखोडीसकट, आणि त्या खाडाखोडीला मार्क द्या. आईबाबांनो, वेलबुट्टी काढायला हवी तेवढी मदत करा, पण वाक्याला हात लावू नका. आणि जगातल्या तमाम मामालोकांनो, दोन तासांचं काम म्हणून पेन उचलू नका. मी उचललं होतं, त्याचं काय झालं ते वर सांगितलंय.

रविवारी रात्री भाचीने लिहिलेलं सगळं आम्हाला वाचून दाखवलं. ताई भाजी निवडत ऐकत होती, ऐकत नसल्यासारखं दाखवत. एका ठिकाणी आलं, "पाणी वाढायला लागल्यावर आईने सगळ्यात आधी माझं दप्तर माळ्यावर टाकलं."

ताईचा हात थांबला. म्हणाली, "दप्तर नंतर गं. आधी आजींच्या गोळ्यांचा डबा. दप्तर तू रडायला लागलीस म्हणून टाकलं."

भाचीने काट मारली आणि वर बारीक अक्षरात दुरुस्ती केली. पक्क्या वहीत, चांगली ठसठशीत खाडाखोड. आणि कोणीही तिला नवीन पान घे म्हणालं नाही.

प्रकल्प वेळेत दिला. मार्क काय मिळाले ते अजून कळलेलं नाही. कळले तरी इथे लिहीन असं नाही.

तुम्हाला पटलं तर बघा, नाही पटलं तर खुशाल भांडा. पण पुढच्या वेळी घरातलं पोर "सुचत नाही" म्हणालं तर एवढं करा. त्याच्या हातातलं पेन घेऊ नका. एक खुर्ची घ्या, समोर बसा आणि म्हणा, "बरं, लिहू नको. काय झालं होतं ते सांग."